ज्ञान चव्हाट्यावर ओरडत होतं, पप्पा सही करत होते

रंकाळ्याकाठची | शनिवार, रात्री ११:४०

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहूनच टाकते.

पप्पा निवृत्त शिक्षक. आमच्या घरात बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक कॅलेंडरसारखं वापरतात. अध्याय ३१, महिन्याचे दिवसही ३१, म्हणून जी तारीख तो अध्याय, सकाळी चहाच्या आधी, मोठ्याने. ही सवय आजोबांपासूनची. शाळेत फळ्यावर तारीख लिहायची वेळ आली की मी पप्पांनी सकाळी काय वाचलं ते आठवायची.

चार वर्षांपूर्वी पप्पांच्या एका मित्राने गुऱ्हाळघर वाढवायला पतसंस्थेतून सहा लाख उचलले. दोन जामीनदार पाहिजे होते. एक त्यांचा मेहुणा, दुसरे पप्पा. "सर, नुसती सही. तुमच्यापर्यंत काय येत नाही," एवढ्यावर काम झालं. पुढे गुळाचा दर पडला, हप्ते थकले, गुऱ्हाळ बंद पडलं, मेहुणा गाव सोडून गेला. मागच्या महिन्यात वसुली अधिकाऱ्याची नोटीस आमच्या दारात आली. सोबत सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला. व्याज धरून आकडा सहाचा नऊ झालाय.

मी जामीनपत्राची झेरॉक्स मागवली. सहीखाली तारीख २२. म्हणजे त्या दिवशी सकाळी पप्पांनी २२ वा अध्याय वाचलेला असणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यातल्या २६ आणि २७ व्या वचनांचा अर्थ असा: दुसऱ्याच्या कर्जाला जामीन होऊ नकोस, फेडायला जवळ काही नसलं तर अंगाखालचं अंथरूण काढून न्यायची वेळ का आणतोस? हे वाचलं, चहा घेतला, अंघोळ केली आणि अकरा वाजता जाऊन सही केली.

गेल्या रविवारी चर्चमधला संदेश नेमका नीतिसूत्रे १:२०-३३ वर झाला. ज्ञान रस्त्यावर उभं राहून हाका मारतं, कुणी लक्ष देत नाही, मग संकट आलं की ते म्हणतं, आता मीही तुमच्या विपत्तीला हसेन. उपासना सुटल्यावर चपला घालताना मंडळीतले एकजण पप्पांना म्हणाले, "सर, आता कळलं न्हवं? देवानं हात पुढं केला तवा बघितलं नाहीसा. आता तो हसणारच."

पप्पा काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवलेही नाहीत. मला एवढंच विचारायचंय, देव खरंच हसतो का?

तांबडा_पांढरा | रात्री ११:५८

ताई, देवाचं मला काय कळत नाही, पण त्या चपलावाल्या पाव्हण्याला विचारा, त्यांनी जन्मात कुठं सही केली न्हाई का? आमचा बा म्हणायचा, सही करायची तर लग्नाच्या रजिस्टरात कर, तीबी एकदाच. आणि सोता तीन ठिकाणी जामीन होता. पतसंस्थेच्या शिपायाला आमच्या घरी चहा किती गोड लागतो ते पाठ झालेलं.

पप्पांना म्हणावं जेवा आधी.

सांजवात | रविवार, पहाटे ५:१०

बाळ, पप्पांना माझा नमस्कार सांग. मी चाळीस वर्षं पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, काम केलं. त्यातली पहिली दहा वर्षं मीही त्या गृहस्थांसारखाच बोलायचो, म्हणून आज जरा लांबण लावतो.

आधी बघ, त्या उताऱ्यात बोलतंय कोण. थेट परमेश्वर नाही, ज्ञान बोलतंय. मूळ हिब्रू शब्द होखमा, स्त्रीलिंगी. कवीच्या डोळ्यांपुढे एक बाई आहे, चौकात उभी राहून घसा कोरडा पडेपर्यंत ओरडणारी. आपल्या मराठीत ज्ञान नपुंसकलिंगी, "ते" हाक मारतं, त्यामुळे ती बाईच दिसेनाशी होते. मला याची नेहमी हळहळ वाटते.

ती उभी कुठे आहे? मंदिरात नाही. रस्त्यात, चौकात, गजबजलेल्या नाक्यावर, वेशीच्या तोंडाशी. त्या काळी वेशीत न्यायनिवाडा व्हायचा, जमिनीचे सौदे व्हायचे, पंचांसमोर शब्द दिले जायचे. म्हणजे तुझ्या पप्पांनी केला तसला व्यवहार जिथे व्हायचा, ती नेमकी तिथेच उभी. कोल्हापुरात असती तर रविवारी चर्चमध्ये सापडली नसती. बिंदू चौकात, पापाची तिकटीला नाहीतर लक्ष्मीपुरीच्या बाजारात भेटली असती. १८५२ मध्ये मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले. त्या पिढीचे मिशनरी बाजारात उभे राहूनच उपदेश करायचे. तिची जागा त्यांनी बरोबर ओळखली होती.

आता ती कुणाला बोलतेय ते बघ. तिघांना: भोळे, टवाळखोर आणि मूर्ख. भोळ्यासाठीच्या हिब्रू शब्दाचं नातं "उघडं असणं" याच्याशी जोडतात. कुणाच्याही बोलण्याला ज्याचं दार सताड उघडं, तो भोळा. तुझे पप्पा या पहिल्या रांगेतले. त्यांनी ज्ञानाची टवाळी केली नाही, मित्राला नाही म्हणता आलं नाही एवढंच. आणि त्या उताऱ्यातल्या २६ व्या वचनातलं हसू टवाळखोराची टवाळी त्याच्याच पदरात घालतं. तू मला हसलास ना, तसं. कवितेची ती रीत आहे. त्या हशातून देवाच्या मनाचा ठाव घ्यायला गेलं तर गल्ली चुकते.

खरा नेम ३१ व्या वचनात आहे: ते आपल्याच वाटेचं फळ खातील. आकाशातून वीज पाडू, असं ती म्हणत नाही. झाड त्यांचं, फळ त्यांचं. प्रेषित पौलाने रोमकरांच्या पत्रात पहिल्याच अध्यायात तीनदा हीच गोष्ट सांगितली, देवाने त्यांना त्यांच्या मनासारखं करायला सोडून दिलं. ख्रिस्ती शिकवणीत ज्ञान नाकारण्याची शिक्षा बहुतेक वेळा ही अशी असते. माणसाला जे पाहिजे होतं तेच मिळतं.

आणि हसण्याचं म्हणशील तर यहेज्केल ३३:११ पप्पांना वाचून दाखव. दुष्टाच्या मरणाने मला संतोष नाही, असं परमेश्वर तिथे शपथेवर सांगतो. लूक १९ मध्ये यरुशलेम दिसताच येशू रडला. शांती कशात आहे हे त्या शहराला कळलं नाही, म्हणून रडला. पुढे इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने ते शहर खणून काढलं. ज्याचं ऐकलं नाही तोच तिथे रडत होता.

अरुंद_वाट | रविवार, सकाळी ९:२५

पाळकसाहेब, आदर राखून बोलतो. हल्ली सगळीकडे हेच चाललंय. न्यायाचं वचन आलं की कविता, आशीर्वादाचं आलं की अक्षरश: खरं. २८ वं वचन का गाळलंत? "ते मला हाक मारतील पण मी उत्तर देणार नाही." येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्यात उशिरा आलेल्यांसाठी दार बंद झालं ते बंदच राहिलं. सदोम शहराचा नाश होणार, निघा, असं सांगितलं तर लोटाच्या जावयांना वाटलं सासरे थट्टा करताहेत, आणि ते सदोमातच राहिले.

यिर्मया ३६ काढा. नववा महिना, थंडी, यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलाय. यिर्मया संदेष्ट्याची, देवाचे इशारे लिहिलेली गुंडाळी वाचली जातेय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढं कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा वाचा, पुन्हा काप. सगळी गुंडाळी संपेपर्यंत. शास्त्र पुढे मुद्दाम लिहितं की राजा घाबरला नाही, त्याच्या सेवकांपैकी कुणीही कपडे फाडले नाहीत. मला त्या आगीपेक्षा त्या शांत बसलेल्या माणसांची भीती वाटते. सहीचं प्रकरण तेच आहे. सकाळी वाचलं, अकराला विसरलं. चुकलं ते चुकलं म्हणा, त्याला भोळेपणाची शाल कशाला पांघरायची?

ताईंच्या वडिलांना दुखवायचं नाही. पण "काही नाही हो, होतं असं" म्हणणारा पाळक मला नको.

प्रयागकाठ | दुपारी १:०५

मी ख्रिस्ती नाही. कोल्हापूरजवळच्या, पंचगंगेकाठच्या चिखलीचा आहे, त्यामुळं न ऐकल्याच्या परिणामांवर बोलायचा मला हक्क आहे असं समजतो.

१९८९ च्या पुरानंतर आमच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या. सांगितलं, वर चला. काही गेले, बरेच राहिले. कारण शेत खाली, गोठा खाली, पंचगंगा खाली. म्हस सोनतळीला आणि वैरण चिखलीत, असा संसार चालत नाही. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. धोक्याची पातळी ४३. इशारा ३९ लाच दिला जातो. आम्हाला आकडे पाठ आहेत, पावसाळ्यात आमची पोरं क्रिकेटच्या स्कोअरसारखे ते सांगतात. २०२१ ला तर पाणी आणखी चढलं.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ. मी फावड्यानं तो ओढत होतो, दाराला हळदीकुंकवाच्या बोटांचे ठसे होते त्याच्यावर हातभर वर चिखलाची रेघ. तेवढ्यात मदत घेऊन काही मंडळी आली. कोण, कुठली, ते नाही सांगत. चादरी चांगल्या होत्या. चादरीच्या घडीत एक पत्रक निघालं, नोहानं ऐकलं म्हणून तो वाचला, जगानं ऐकलं नाही म्हणून बुडालं, असं काहीतरी. माझ्या आईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, चादर कशी धुवायची ते लिहिलंय.

अरुंद वाटवाले, तुमचा राजा शेकत बसला होता. आम्ही पाण्यात होतो. थोडा फरक करा.

तांबडा_पांढरा | दुपारी १:३०

चादर कशी धुवायची 🙏 भावा, जिंकलास.

सांजवात | दुपारी ३:४५

प्रयागकाठ, त्या पत्रकाबद्दल कुणी तुमची माफी मागितली नसेल तर मी मागतो. माझा त्यात हात नव्हता, पण पुस्तक माझंच आहे.

येशूला हाच प्रश्न विचारला होता, लूक १३ मध्ये. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती बाकीच्यांहून जास्त पापी होती का? तो स्पष्ट "नाही" म्हणतो. मग ऐकणाऱ्यांकडे वळून सांगतो, तुम्ही आपलं बघा. म्हणजे इशारा नेहमी स्वत:कडे वळवायचा, गाळ उपसणाऱ्याकडे नाही. संकटात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी उलट केलं. सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले तोवर चांगले मित्र होते, तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. चपला घालताना बोललेल्या गृहस्थांनी ईयोबाचा ४२ वा अध्याय एकदा वाचावा.

आणि खडकावरच्या घराचा दाखला. मत्तय ७. खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर, दोन्हींवर पाऊस तोच, पूर तोच, वारा तोच. ऐकणाऱ्याच्या दारात पाणी येणार नाही असं येशूने कबूल केलेलं नाही. हा दाखला मी कोल्हापुरात पुष्कळदा सांगितला, पण २०१९ च्या आधी माझ्याही हे लक्षात आलं नव्हतं.

अरुंद वाट, तुमचं एक म्हणणं मला मान्य. मी २८ वं वचन गाळलं. दार बंद होतं, हे शिकवणीत आहे आणि मी ते पुसणार नाही. पौलाने रोमच्या वाटेवर सांगितलं होतं, आता जहाज हाकू नका. शताधिपतीने तांडेलाचं आणि मालकाचं ऐकलं. जहाज फुटलंच. पश्चात्ताप केला म्हणून फुटलेल्या फळ्या जोडल्या जात नाहीत, नोटीसही मागे जात नाही. पण त्या जहाजावरची २७६ च्या २७६ माणसं किनाऱ्याला लागली, कुणी पोहत, कुणी फळीवर. आणि तुमच्या यिर्मया ३६ चा शेवट तुम्ही गाळलात! राजाने जाळलेली गुंडाळी देवाने यिर्मयाकडून पुन्हा लिहून घेतली, वर आणखी मजकूर घालून. ज्याला नुसतं हसायचं असतं तो दुसऱ्यांदा लिहून घ्यायच्या खटाटोपात पडत नाही.

अरुंद_वाट | दुपारी ४:२०

शेवटचा मुद्दा चांगला आहे. मी विचार करतो. (आणि प्रयागकाठ, पत्रक चुकीचंच होतं.)

शेंगाचटणी | संध्याकाळी ६:१५

मध्येच तोंड घालते. आपल्या वाटेचं फळ आपण खायचं, म्हणजे हे आमचं कर्मफळच झालं की. मग वेगळं काय? भांडायला नाही, खरंच विचारतोय. ("मी आले" की "मी आलो" यावर आमच्या पुण्याच्या वहिनी अजून हसतात. कोल्हापूरच्या पोरी "मी आलो" म्हणणारच.)

सांजवात | रात्री ८:००

चांगला प्रश्न. जवळ आहे, पण एक नाही. एक तर मागचा-पुढचा जन्म इथे नाही, हिशेब याच आयुष्याचा. दुसरं म्हणजे इथे फळाला अपवाद करणारा कुणीतरी आहे. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राला डुकरांच्या शेंगांनी पोट भरावंसं वाटलं ते त्याच्या वाटेचं फळच होतं. पण तो घराकडे निघाला तेव्हा बाप धावत आला. नियम तर असा होता की बापाने ओसरीवर बसून राहायचं.

काळा_कोट | रात्री ९:३०

धर्माचं थोरांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो. रंकाळ्याकाठची ताई, नीट वाचा.

करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्थेने आधी मित्राच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, असा नियम नाही. "नुसती सही" असं काही नसतं हो. दाखल्याला आव्हान द्यायचं तर सहकार कायद्याच्या कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज आहे, पण दाखल्याच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यापेक्षा संस्थेकडे एकरकमी तडजोडीची योजना आहे का ते लेखी विचारा. जेवढं भराल त्याची पावती घ्या. कलम १४५ प्रमाणे ते पैसे मित्राकडून मागायचा हक्क तुमचा राहतो. मैत्री गेली चुलीत.

गंमत म्हणजे, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये न्यायालयाच्या जप्तीतून काय वगळायचं त्याची यादी आहे. त्यात अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण आहे. म्हणजे तुमच्या शास्त्रातलं अंथरूण आमच्या कायद्याने वाचवलंय!

सांजवात | रात्री ९:५५

वकीलसाहेब, त्या बाबतीत मोशे तुमच्या आधीचा. मोशेच्या नियमशास्त्रातलं अनुवाद हे पुस्तक, अध्याय २४: गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, त्याला पांघरून झोपू दे.

रंकाळ्याकाठची | बारा दिवसांनी, रात्री १०:२०

सगळ्यांना धन्यवाद. वकीलदादा, तुमच्यामुळे लेखी अर्ज केला. व्याजात सूट मिळाली. पप्पांची मुदत ठेव मोडली, मम्मीच्या पाटल्या गेल्या, उरलेले तीन हप्ते मी भरते. कॉट जागेवर आहे.

मी धागा पप्पांना वाचून दाखवला, सगळा. प्रयागकाठच्या चादरीला ते खूप दिवसांनी हसले. अरुंद वाटचं यहोयाकीमावरचं वाचलं तेव्हा म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतोय. मला वचन आठवत होतं. सही करताना पेन हातात असताना आठवत होतं. पण समोर तो बसला होता आणि मला वाईट दिसायचं नव्हतं." म्हणजे भोळेपणाची शाल त्यांनी स्वत:च काढून ठेवली. माझा जरा हिरमोड झाला, मला ती त्यांच्या खांद्यावर आवडत होती.

मग मम्मी बोलली. तिने या सगळ्या काळात एकदाही वचनाचा विषय काढला नव्हता, नुसत्या पाटल्या काढून दिल्या होत्या. म्हणाली, "जामीन हा शब्द शास्त्रात आणखी कुठं आहे ते बघा की." तिनेच इब्री लोकांस पत्र उघडलं, ७:२२. येशू अधिक चांगल्या कराराचा जामीन झाला आहे. पप्पा ते वचन शंभर वेळा वाचलेले असणार. चष्मा वर करून पुन्हा वाचलं. म्हणाले, "म्हणजे आपल्याला होऊ नको म्हणाला आणि स्वत: झाला?" मम्मी म्हणाली, "त्याला फेडता येत होतं. तुम्हाला येत होतं का?"

आज २२ तारीख. सकाळी मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. २६ वं वचन आलं तसे पप्पा थांबले. मला वाटलं पुढचं गाळतील. गाळलं नाही, उलट जरा मोठ्याने वाचलं. मग चहा मागितला.

दुपारी ते मित्र आले होते. वर्षभराने. दारातच उभे राहिले, आत येईनात. हातात गुळाची एक किलोची ढेप, दुसऱ्याच्या गुऱ्हाळातली. पप्पा म्हणाले, "आत ये. पण कागद आणला असशील तर परत जा."

तांबडा_पांढरा | रात्री १०:३१

गूळ घेतला का पण?

रंकाळ्याकाठची | रात्री १०:४०

घेतला. पावती मागायचं राहिलं.